एक्केचाळीस नंबरचा सांधा

तंजावूरच्या मराठी बाईनं दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे राजवाडा, मोडी कागद किंवा डांगर पच्चडी यांपैकी एकावर लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. संपादकांनीही पत्रात आडून आडून तेच सुचवलं होतं. पण राजवाड्यात माझं कधी काम पडलं नाही, मोडी मला वाचता येत नाही आणि पच्चडी माझी बहीण माझ्यापेक्षा चांगली करते. मी ड्राफ्ट्समन होते. बाई असून ड्राफ्ट्समन, कारण सर्टिफिकेटावर तसंच छापलंय. मराठी लिहायला वडिलांनी शिकवलं आणि पुण्याच्या जावेनं दरवर्षी अंक पाठवून ते टिकवलं. तेव्हा जे मला येतं त्याबद्दलच लिहिते. मी एका जर्मन ट्रामबद्दल लिहिणार आहे.

ती ट्राम मी कधी पाहिली नाही. तंजावूरला ट्राम नव्हतीच. मद्रासला एके काळी होती, ती आमच्या वडिलांनी लहानपणी पाहिली होती आणि त्यांना तिच्या घंटेपलीकडे काही आठवत नसे. मला मात्र त्या जर्मन ट्रामचा एकेक बोल्ट आजही डोळे मिटून सांगता येईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देशाची दारं उघडली म्हणून पेपरात रोज येत होतं. आमच्याकडे त्या दारातून आली ती लाकडी खोक्यांत भरलेली जुनी ड्रॉइंग्ज. जर्मनीतल्या एका शहराच्या ट्रामवाल्यांना आपल्या जुन्या गाड्या दुरुस्त करून आणखी काही वर्षं चालवायच्या होत्या. त्यांची सगळी ड्रॉइंग्ज हातानं काढलेली, पारदर्शक फिल्मवर. ती कॉम्प्युटरवर उतरवून हवी होती. मद्रासच्या एका कंपनीनं ते काम घेतलं आणि तिनं तंजावूरच्या मेल वीथीत, पितळी तबकं ठोकणाऱ्यांच्या दुकानावरचा मजला भाड्यानं घेऊन आम्हा अकरा जणांना बसवलं. प्रमुख म्हणून नेमले सेतुराव. ते माझ्या आईचे मावसभाऊ, म्हणून मी त्यांना सेतूमामा म्हणायची. नोकरी त्यांनीच दिली होती आणि ते त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही.

काम समजायला सोपं, करायला जिकिरीचं. टेबलाएवढा एक पाट असायचा, त्याला डिजिटायझर म्हणत. त्यावर फिल्म चिकटवायची, हातातलं यंत्र रेषेच्या टोकावर आणून बटण दाबायचं, मग दुसऱ्या टोकावर आणून दाबायचं. कॉम्प्युटरवर रेषा उमटते. एका कागदावर अशा दोन-तीन हजार रेषा. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावरच्या विजेच्या तारासुद्धा मोजाव्याशा वाटत.

सुरुवातीला नियम असा होता की जसं आहे तसं उतरवायचं, डोकं चालवायचं नाही. आमच्यातल्या सेल्वीनं तो इतका पाळला की एका फिल्मवर कुणा जर्मन साहेबानं ठेवलेल्या कपाचा डाग होता, तोही तिनं मापासकट गोल काढला. दोन आठवड्यांनी तिकडून फॅक्स आला, की ब्रेकच्या दांड्याशेजारी दाखवलेला हा भाग कोणता, आमच्या कोठारात तो सापडत नाही. आम्ही दोन दिवस हसत होतो. सेतूमामा हसले नाहीत. त्यांनी नवा नियम भिंतीवर लावला: फक्त शाईची रेषा उतरवायची, बाकी सगळं घाण समजायचं.

आता ती ट्राम कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या जुन्या शहराचे रस्ते आपल्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांसारखे वाकडे. लांब गाडी वळणावर अडकायची, आखूड गाडीत माणसं मावायची नाहीत. म्हणून त्यांनी गाडीचे दोन तुकडे करून मधे सांधा ठेवला. दोन डबे, पण आतून एकच खोली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं. सांध्याखाली चाकांचा एकच गाडा, दोन्ही डब्यांचा भार त्याच्यावर. वर जमिनीत पोलादी गोल तबकडी, तिच्याखाली चोवीस बोल्टांचं कडं. गाडी वळली की तबकडी पायांखाली फिरते. दोन्ही बाजूंना पेटीच्या भात्यासारख्या घड्या, वळणावर एकीकडे मिटतात, दुसरीकडे ताणतात. त्या तबकडीवर उभं राहायला मुलांना फार आवडतं, असं मेरी अक्का सांगायची.

मेरी अक्का ही आमच्या ऑफिसातली एकमेव व्यक्ती जिनं ती ट्राम पाहिली होती. तरंगंबाडीकडची, साठीच्या आसपासची. नर्स म्हणून जर्मनीत गेली, त्याच शहराच्या इस्पितळात अठरा वर्षं काम केलं आणि नवरा वारल्यावर परत आली. मुलगी स्टेला तिकडेच राहिली, तीही नर्स. पेपरातल्या जाहिरातीत जर्मन वाचणारं माणूस हवं होतं. अक्कानं शहराचं नाव वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यावर येऊन बसली. ती बोलायची तमिळ. मी इथे ते आमच्या घरच्या मराठीत उतरवते, कारण मनात मी ते तसंच ऐकलं.

ड्रॉइंग्जबरोबर प्रत्येक गाडीची एक फाइलही आली होती. गाडी कधी आली, कधी बिघडली, कुणी काय दुरुस्त केलं, सगळं त्यात. इस्पितळातल्या पेशंटच्या कागदांसारखं, अक्का म्हणायची. ती वाचून सांगायची, मी टाइप करायची. बहुतेक फायली कंटाळवाण्या. काच फुटली, काच बदलली. घंटा वाजत नाही, घंटा बदलली.

एक्केचाळीस नंबरच्या गाडीची फाइल तशी नव्हती.

पहिली सात-आठ वर्षं काही नाही. मग एका हिवाळ्यात ड्रायव्हरची तक्रार: "गाडी उभी असताना सांध्यात ठोकल्याचा आवाज." खाली वर्कशॉपचं उत्तर: "तपासलं. काही सापडलं नाही." दोन महिन्यांनी दुसरा ड्रायव्हर, दुसरं अक्षर, तेच वाक्य. मग तिसरा. गाडी चालताना खडखडली तर त्यात काही नवल नाही, चालती गाडी वाजायचीच. ही उभी असताना वाजायची. बेअरिंगं बदलली, ग्रीस भरलं, तबकडी उचलून पुन्हा बसवली. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही. मी ते इतक्यांदा टाइप केलं की अक्कानं वाचायच्या आधीच बोटं चालायची.

तपासणारा फिटर बहुतेक वेळा एकच होता. पूर्ण नाव कुठेच नाही, नुसतं "के." अशी सही, आणि ती कॉपिंग पेन्सिलीनं. आपल्याकडे पोस्टात असायची तीच. कोरडी असताना करडी दिसते, ओली झाली की जांभळी होते. पुढे एका पानाला चिठ्ठी टाचलेली होती. अक्कानं ती वाचली आणि चष्मा पुसला. "फिटर के. कामावर असतांना वारला. एक्केचाळीसच्या सांध्याखाली." बस, तेवढंच. कसा, ते कुणी लिहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या नोंदी दुसऱ्या लोकांच्या, शाईनं. ठोकल्याचा आवाज, तपासलं, काही सापडलं नाही. पण त्या प्रत्येक "काही सापडलं नाही"च्या पुढे, समासात, जांभळ्या पेन्सिलीचं एक छोटं प्रश्नचिन्ह होतं. त्याच्या मरणानंतरची सहा वर्षं. मी अक्काकडे पाहिलं.

"पेन्सिल कुणी दुसऱ्यानें घेतली असेल," ती म्हणाली. "चांगली पेन्सिल कोणी प्रेताबरोबर पुरत नाहीं."

"अक्षर?"

"प्रश्नचिन्हाला अक्षर कसलें गे? टाइप कर."

भर दुपारची वेळ होती. वीज गेली, पंखे थांबले, कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले. त्या शांततेत खालून तबकवाल्यांची हातोडी ऐकू येत होती, टक टक टक, मग थांबायची, पुन्हा टक टक टक. रोजचाच आवाज. आम्ही दोघी वारा घ्यायला जिन्यात आलो. खालच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, त्यांच्यात लग्न आहे, सकाळपासून सगळे तिरुवैयारुला गेलेत.

पाण्याचा नळ असेल, मी म्हटलं. अक्कानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि वर गेली. मी घाबरले हे लिहायला मला लाज वाटत नाही. चांगलं ऊन पडलेलं असताना घाबरले.

पुढच्या आठवड्यात सेतूमामांनी एक फिल्म माझ्या पाटावर आणून ठेवली. तिकडे एक्केचाळीस नंबर दुरुस्तीला घेतली होती, तिच्यावरून बाकीच्यांची दुरुस्ती ठरणार होती, म्हणून सांध्याचं ड्रॉइंग तातडीनं हवं होतं. आमच्यात सर्वांत नेटकं काम माझं. हा गर्व नाही, भिंतीवर चुकांचा तक्ता होता आणि माझ्या नावापुढचा रकाना रिकामा होता. शंका आली तर चिठ्ठी लिहून तिकडे विचारायची सोय होती. मी दोन वर्षांत एकही चिठ्ठी पाठवली नव्हती आणि तेही मी सगळ्यांना ऐकवायची.

ती फिल्म वाईट अवस्थेत होती. कडा फाटलेल्या, नावाचा आणि नंबराचा कोपरा गेलेला, मापं वेगळ्या कागदावर. म्हणजे तिच्यावर एक अक्षर नव्हतं. पारदर्शक फिल्मवर अक्षर नसलं की सुलट बाजू कोणती, उलट कोणती, हे कळायला मार्ग नाही. दोन्हीकडून रेषा सारख्याच दिसतात. तरी मी अडले नाही. पुढचा डबा कुठला ते बाणावरून कळत होतं, आणि एका कडेला दाराच्या पायरीचा थोडासा तुकडा काढलेला होता. दार कुठल्या बाजूला असतं? मी जन्मभर टाउन बसनं हिंडलेली बाई. दार डावीकडे असतं, फुटपाथच्या बाजूला. पायरी उजवीकडे दिसत होती, म्हणजे फिल्म उलटी ठेवली आहे. मी ती उलटवली, पायरी डावीकडे आली, माझं समाधान झालं. कुणाला विचारायचं मनातही आलं नाही. आता तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा कळलं नाही, आणि अक्का सोडली तर आमच्यातल्या कुणालाच कळलं नसतं.

कडं काढताना एका बोल्टाशी मला एक फुली दिसली. करडी, पेन्सिलीची, नखाएवढी. आमच्या नियमानं ती घाण. मी बोट फिरवलं, तर घामानं ती जांभळी झाली. बोटाला डाग लागला तो साबणानं जाईना.

मी अक्काला हाक मारली. ती वाकून बघत राहिली. "शस्त्रक्रियेच्या आधीं आम्ही अशी खूण करायचों," ती म्हणाली. "डॉक्टरानें येथें कापायचें म्हणून. ही पुसूं नको."

मी पुसली नाही. नियम मोडून उतरवली, शेजारी लिहिलं: मूळ कागदावर पेन्सिलीची खूण. सेतूमामांनी कागदावर छापून काढलेला प्लॉट पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, पण घाई होती म्हणून सही केली. ड्रॉइंग गेलं. त्या खोक्यातल्या फिल्म्सही काम संपल्यामुळे परत गेल्या.

दहा-बारा दिवसांनी तिकडून आभाराचा फॅक्स आला. खुणेच्या बोल्टापाशी गाडीची जमीन कापून पाहिली, लोखंड निर्दोष आहे, सोमवारपासून गाडी पुन्हा मार्गावर सोडत आहोत, काम उत्तम, दुसऱ्या टप्प्याचं बोलू. सेतूमामांनी तो फॅक्स भिंतीवर लावला आणि सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. दुसरा टप्पा म्हणजे अकरा जणांची आणखी तीन वर्षांची नोकरी. मी दोन तुकडे खाल्ले.

त्याच सोमवारी दुपारी मेरी अक्कानं मला फोटो दाखवला. स्टेलानं पाठवलेला. स्टेला आणि तिची साडेतीन वर्षांची मुलगी ट्रामच्या पायरीशी उभ्या. स्टेला रोज पहाटेच्या गाडीनं कामाला जायची, मुलीला इस्पितळाच्या पाळणाघरात सोडायची. "सांध्यावरच उभी राहाते ती पोर," अक्का कौतुकानं म्हणाली. "दुसरीकडे बसतच नाहीं. तबकडी फिरली कीं हसते." ट्रामच्या कपाळावर नंबर स्वच्छ वाचता येत होता. एक्केचाळीस. आकडे सुलटे होते, म्हणजे फोटोही सुलटा.

मी फोटो हातात धरून बसले. काहीतरी खटकत होतं. मग मी खुर्चीत ड्रायव्हरसारखी बसले, फोटोतल्या ट्रामचं तोंड जिकडे होतं तिकडेच तोंड केलं आणि दाराकडे हात नेला. उजवा हात गेला.

त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. फुटपाथ उजवीकडे. दारं उजवीकडे, फक्त उजवीकडेच. फिल्म सुलटीच होती. मी ती उलटवली आणि आरशात दिसावं तसं ड्रॉइंग पाठवलं. चोवीस बोल्टांतला ज्याच्याशी फुली होती तो माझ्या ड्रॉइंगमध्ये समोरच्या बाजूला गेला होता. त्यांनी भलत्याच बोल्टाखाली कापून पाहिलं होतं, तिथे लोखंड चांगलंच असणार. पायरी चुकीच्या बाजूला आहे हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष कड्यावर होतं. आणि ती गाडी त्या दिवशी सकाळीच मार्गावर आली होती.

"काय झालें गे? चेहरा असा काय?" अक्कानं विचारलं.

"डोकें दुखतें," मी म्हटलं आणि फोटो परत दिला.

तडक सेतूमामांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"जानकी, हें बघ गे. पाठविलेला कागद गेला. त्यांनीं तपासला, कापून पाहिलें, सही केली. आत्तां तूं उठून चूक म्हणतेस?"

"चूक आहे, मामा."

"तेथें खरोखर कांहीं तुटलें आहे, हें तुज कोणी सांगितलें? एका पेन्सिलीच्या फुलीनें?" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "अकरा चुली पेटतात ह्या खोलीवर. सेल्वीच्या घरांत दुसरें कोणी कमवीत नाहीं. पुढच्या खोक्यांत सांध्याचें ड्रॉइंग पुन्हा येईल, तेव्हां हळूच दुरुस्त करूं. तोंवर गप्प राहा. मेरीजवळ तर एक अक्षर नको."

मी गप्प राहिले. ते मामा होते, नोकरी त्यांची होती, हे सगळं खरं. पण खरं कारण भिंतीवरचा तो रिकामा रकाना होता. त्यात माझ्या नावापुढे पहिली रेघ पडणार होती, आणि तीही अशी. मंगळवारी मी नेहमीसारखी कामावर आले. बोटावरचा डाग तसाच होता. मी दुसऱ्या गाडीची दिव्यांची ड्रॉइंग्ज घेतली. अक्का शेजारी बसून फाइल वाचत होती आणि मी टाइप करत होते. बुधवारीही तसंच. तिच्या पर्समध्ये तो फोटो होता हे मला क्षणभर विसरता येत नव्हतं. जेवणाच्या डब्यातला भात मी दोन्ही दिवस परत नेला.

गुरुवारी सकाळी अक्का आली ती हसत. आदल्या संध्याकाळी स्टेलाचा फोन आला होता.

"ऐक गंमत," ती म्हणाली. "आमची छोटी दोन दिवसांपासून ट्राममधून उतरायला तयार नाहीं. स्टॉपवर गाडी थांबली कीं म्हणते, खालचा मामा ठोकतो. मग ही पायानें ठोकून त्याला उत्तर देते. स्टेलाला कांहींच ऐकूं येत नाहीं. लेकरांचें काय..."

मधेच ती थांबली. आम्ही दोघींनी मिळूनच ती फाइल वाचली होती. तिचं हसणं माझ्यासमोर विरत गेलं.

मी तिला सगळं सांगितलं. पायरी, उलटवलेली फिल्म, समोरच्या बाजूला गेलेली फुली. ती मला बोलली नाही. एकच विचारलं, "कागद आहे?" आणि उभ्याउभ्याच जर्मनमध्ये लिहायला लागली, इस्पितळात डॉक्टरला रिपोर्ट लिहावा तसं, पाच ओळी, शेवटी गाडीचा नंबर दोनदा. ऑफिसचं फॅक्स मशीन सेतूमामांच्या खोलीत होतं. आम्ही खाली उतरलो आणि कीळवासलच्या फोन बूथवर गेलो. साठीची बाई उन्हात इतक्या झपाट्यानं चालत होती की मला गाठता येईना.

फॅक्स गेला. मग तिनं स्टेलाच्या घरचा नंबर लावला. तिकडे पहाटेचे साडेसहा झाले असतील. घंटा वाजत राहिली. काचेच्या त्या खोक्यात अक्का फोन कानाशी धरून उभी होती आणि मला बाहेरून तिचे ओठ हलताना दिसत होते. एडुडी, एडुडी, घे गे फोन. स्टेला घरातून निघाली होती.

तो दिवस कसा गेला ते मी लिहू शकत नाही. आम्ही ऑफिसात परत गेलो नाही. बूथवाल्यानं दोन स्टुलं दिली. अक्का जपमाळ ओढत बसली, मी शेजारी. दुपारी एकदा बूथमधली वीज गेली. फोनच्या त्या फळीवर कुणीतरी बोटानं ठोकल्यासारखं झालं, तीनदा, आणि थांबलं. तिघांनीही तिकडे पाहिलं. बूथवाला म्हणाला, "पाल असेल." मी त्या फळीच्या मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी सातला फोन लागला. स्टेलानं उचलला. अक्का तिचं बोलणं मला सांगत गेली. सकाळी नऊच्या सुमारास वर्कशॉपचे लोक मधल्याच स्टॉपवर येऊन गाडी रिकामी करून घेऊन गेले, असं इस्पितळात सगळे बोलत होते. स्टेला त्याच गाडीनं सहाला गेली होती. पोर सांध्यावर उभी होती. दोघी ठीक होत्या. अक्का बूथच्या पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडली. मीही रडले, पण माझ्या रडण्यात कसला ओशाळेपणा होता ते मला माहीत होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसरा टप्पा आम्हाला मिळाला नाही. तिकडच्यांनी चूक कळवल्याबद्दल सभ्यपणे आभार मानले आणि काम दुसरीकडे दिलं. वर्षभरात मेल वीथीतला तो मजला रिकामा झाला. सेल्वी तिरुपूरला शिलाईच्या कारखान्यात लागली. सेतूमामा माझ्या मुलीच्या लग्नात आले, जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी पुढे बावीस वर्षं ड्रॉइंग्ज केली, कारखान्यांची, पुलांची, एका विमानाच्या खुर्च्यांचीसुद्धा. शंका आली की चिठ्ठी पाठवायची. पोरंपोरी हसायची मला, या बाई बोल्ट वर का खाली तेही विचारतात म्हणून. हसू दे.

पण मला सांगायचाय तो शुक्रवार. सकाळी फॅक्सचं उत्तर आलं होतं. सेतूमामांनी ते न वाचताच माझ्या टेबलावर टाकलं आणि खोलीत जाऊन बसले. मी अक्कापुढे सरकवलं. ती एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत गेली.

गुरुवारी सकाळी गाडी मार्गावरून काढली. समोरच्या बाजूची जमीन कापली. त्या बोल्टाशी कड्याला चीर होती, आतून गेलेली, वरून दिसणारी नव्हे. नखाच्या जाडीएवढं लोखंड शिल्लक होतं. अजून किती दिवस टिकलं असतं ते सांगता येत नाही. एखादं जोराचं वळणही पुरलं असतं, आणि मग दोन्ही डबे त्या तबकडीवरच एकमेकांत घुसले असते.

पुढे एक परिच्छेद होता. तो अक्कानं आधी मनात वाचला. मग पुन्हा वाचला. मग सांगितला.

बाजू नक्की करायला आम्ही मूळ फिल्म काढून पाहिली. तिच्यावर पेन्सिलीची कुठलीही खूण नाही. भिंगाखाली पाहिलं, दिव्यावर धरून पाहिलं. खोडल्याचाही मागमूस नाही. तुमच्याकडे ती खूण कुणी केली, कृपया कळवावं.

मी बोट वर केलं. डाग फिकट झाला होता, पण होता. अक्कानं माझा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला, पाहिला आणि सोडून दिला.

"जानकी, मीं फोटो दाखविला तो सोमवार होता ना?"

"हो."

"तुज तेव्हांच कळलें."

"हो, अक्का."

"सोमवार. मंगळवार. बुधवार." तिनं बोटांची पेरं मोजली. आवाज चढला नाही. मग पेन उघडून तिनं उत्तर लिहायला घेतलं. "लिहितें त्यांना. कोणी केली तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण ज्यानें केली, त्यानें तीन दिवस थांबून पाहिलें नाहीं."

कागद लिहून झाल्यावर तिनं तो माझ्याकडे सहीला दिला. मी सही केली. मग तिनं पुढची फाइल ओढली, बेचाळीस नंबरची, चष्मा चढवला आणि वाचायला लागली. काच फुटली, काच बदलली. मी टाइप करत गेले.